इग्नोरचं बटण

गेम बनवण्यावरचे गेम मला सहन होत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई बऱ्या बोलत होत्या आणि मधेच घसरल्या. मी घसरलेलीच आहे. मी गेमसाठी चित्रं काढते. मागची दृश्यं, झाडं, भिंती, पाणी. एक गोष्ट या धंद्यात इतक्यांदा बघितली आहे की आता वीट आलाय. दोनचार जण मिळून एखादा छोटा गेम करायला बसतात. जोर असतो सुरुवातीला. मग काम रेंगाळतं, कंटाळा येतो, आणि एक दिवस त्यातल्या एकाला साक्षात्कार होतो की आपण आपल्यावरच गेम करू या! गेम बनवणाऱ्यांवर गेम! मग पडद्यावर एक टेबल येतं, टेबलावर कॉम्प्युटर, त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणखी एक टेबल. कुंडीत एक झाड. एक मांजर, कारण मांजर लागतंच. वर कोपऱ्यात पट्ट्या: एनर्जी, आयडिया, फोकस. कॉफी प्यायली की एनर्जीची पट्टी वाढते. आणि खेळणाऱ्यानं करायचं काय, तर या लोकांना गेम बनवणं किती जड जातं ते बघून हळहळायचं. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि पानात गॅसची शेगडी वाढायची, त्यातला प्रकार. शी!

तर असला एक गेम माझ्या घरात झाला. माझ्या बाबांना घेऊन झाला.

मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, असे आम्ही दोघंच. तो पार्ल्याचा. कोडिंग त्याचं, चित्रं माझी. त्याची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती, भाड्याच्या घरात त्याला बसायला जागा नव्हती, म्हणून तो रोज आमच्याकडे बोरिवलीला यायचा. आमचं घर पूर्वेला, एक हॉल, एक आतली खोली आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत आम्ही दार लोटून बसायचो, बाहेर हॉलमध्ये बाबा.

आमचा पहिला गेम गोराईच्या होडीचा होता. खाडी ओलांडून माणसं नेणाऱ्या होडीचा. खेळणाऱ्यानं होडी चालवायची. कोळणींच्या टोपल्या, मोटरसायकली, रविवारची टोळकी, एकदा तर लग्नाचा अख्खा बँड. कोणाला आधी घ्यायचं, कोणाला थांबवायचं, भरती कधी, ओहोटी कधी. मी किती सकाळी त्या जेट्टीवर जाऊन बसले असेन! चिखल म्हणजे तपकिरी रंग असं ज्याला वाटतं त्यानं ओहोटीला तिथे उभं राहून बघावं. त्यात करडा असतो, जांभळा असतो, ऊन पडलं की चक्क चांदीसारखा दिसतो, आणि वास तर असा की नाकात बसतो. मला तो चिखल जमला होता. आजवर काढलेल्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

आणि मित्र म्हणाला, "यात हार्ट नाहीये यार."

"होडीत कसलं हार्ट पाहिजे तुला?"

"पर्सनल काहीतरी. आपलं. तू आणि मी, ही खोली, हे सगळं. आपली कशी वाट लागलीय हा गेम करताना, तेच किती इंटरेस्टिंग आहे!"

मी त्याला म्हटलं, आपली वाट लागलीय ती तू रोज बारा वाजता उगवतोस म्हणून, त्यात कोणाला इंटरेस्ट असणार? पण तो बाहेरचे तसले गेम बघून बघून पार वेडावला होता. आठवड्याभरात माझी खाडी गेली आणि तिच्या जागी आमचं टेबल आलं. माझ्या चिखलाच्या चित्रांचं काय झालं माहितीय? गेममधल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, ‘त्या दोघांचा अर्धवट गेम’ म्हणून ती दिसतात. नखाएवढी. इतका संताप आला होता ना मला! पण काम टाकून जाणार कुठे, म्हणून मी टेबल काढलं. कुंडी काढली. मांजर मात्र काढलं नाही, त्या बाबतीत मी शेवटपर्यंत हटून बसले.

आता बाबांबद्दल सांगते. बाबा मालवणकडचे. तरुणपणी लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर भांडुपला एका छापखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आई गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात, मला ओट्याजवळ उभं राहू देत नाहीत. इतकी वर्षं मुंबईत काढली तरी घरात मालवणीच बोलतात. रोज दुपारी ते आतल्या खोलीच्या दारावर बोटाचं पेर दोनदा वाजवायचे, दार थोडं ढकलायचे आणि विचारायचे, "झालां काय गो?"

एवढंच. मी हो म्हटलं की जायचे. नाही म्हटलं की तिथेच उभे राहायचे, मी उठेपर्यंत. कधी हातात चहा असायचा. मित्र तिथे असला तर त्यालाही तेच, "झालां काय रे?" तो मान वर न करता म्हणायचा, "ऑलमोस्ट, काका."

मित्राला ते फार आवडलं. म्हणाला, काकांचा आवाज आपण गेममध्ये घेऊ. बाबांना विचारलं तर ते असे खुलले की काय सांगू! मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. नुसता आवाज घेणार आहेत म्हणून सांगितलं तरी इस्त्रीचा शर्ट घातला. घुमू नये म्हणून कपाटाची दारं सताड उघडी टाकून, लोंबणाऱ्या कपड्यांच्या पुढे त्यांना उभं केलं, आणि त्यांनी पन्नास तऱ्हांनी "झालां काय?" म्हणून दिलं. हळू, जोरात, दुरून, दारातून. मित्र म्हणाला, काका, तुम्हीच आमचे हिरो. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळलं. लिफ्टमध्ये लोक मला विचारायला लागले, बाबा गेममध्ये आहेत म्हणे? मी आमचं दार जसंच्या तसं काढलं, कडीसकट, कॅलेंडरच्या खिळ्यासकट. ते काढताना बरं वाटलं होतं मला. म्हटलं, चला, या सगळ्या थेरांत निदान एक खरी गोष्ट.

अंधेरीला एका ऑफिसच्या तळमजल्यावर छोट्या गेमांचं प्रदर्शन होतं, तिथे आमचा गेम लागणार होता. त्याच्या थोडं आधी, मित्राच्या भाड्याच्या घरी, पूर्ण गेम पहिल्यांदा माझ्या हातात आला. मी खेळायला बसले.

दारावर टकटक होते. बाबांचा आवाज येतो, "झालां काय गो?" खाली इंग्रजीत ओळ उमटते, इज इट डन येट? आणि दोन बटणं येतात. एक ‘ओपन’, एक ‘इग्नोर’. दार उघडलं की फोकसची पट्टी धाडकन खाली. इग्नोर दाबलं की काम झपाट्यानं पुढे. पुन्हा टकटक. पुन्हा इग्नोर. जितकं इग्नोर कराल तितका गेम लवकर तयार होतो. मग टकटक कमी होत जाते, आवाज लांबून येतो, मग येतच नाही. शेवटी गेम बनतो, टाळ्या वाजतात, नायिका दार उघडते, आणि बाहेर कोणी नसतं. नुसता एक कप.

माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी मित्राला विचारलं, "हे काय आहे?"

"काय म्हणजे?"

"बाबा काय विचारतात हे तुला माहितीय का?"

"गेम झाला का. रोज विचारायचे ना. मी स्वतः ऐकलंय."

"अरे गाढवा! गेमबद्दल असतं तर ‘झालो काय’ म्हणाले असते. आमच्यात गेम झालो, आमटी झाली, आणि जेवाण झालां. जेवण विचारतात ते! जेवलात का म्हणून विचारतात!"

त्यानं मान वर केली. "सीरियसली? मग मी इतके दिवस ऑलमोस्ट, ऑलमोस्ट..."

"हो. आणि ते मला येऊन विचारायचे, ऑलमोस्ट म्हणजे काय गो, अर्धो जेवलो? म्हणून तुझ्या पानात जास्तीचा भात यायचा."

तो हसला. मला वाटलं आता तरी शरमेल, म्हणेल बदलतो. मनापासून वाटलं होतं तसं. तो थोडा विचार करून म्हणाला, "पण खरं सांगू? माझं व्हर्जन जास्त स्ट्राँग आहे. बापाचं प्रेशर, मुलीची घुसमट. लोक रिलेट करतील. आणि शेवटी प्लेयरला गिल्टी वाटतं ना, तोच तर पॉइंट आहे!"

किळस येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ज्या माणसाच्या हातचं हा रोज ओरपत होता, त्याच माणसाला यानं अडथळा करून ठेवला होता, आणि वर त्याचा पॉइंट! मी खूप भांडले. आवाज काढ म्हटलं, निदान ती ओळ तरी बदल. तो म्हणाला आता वेळ नाही, प्रदर्शन झालं की बघू. म्हटलं, ठीक आहे, पण बाबांना तिथे आणायचं नाही. तर तो म्हणाला, "अगं, मी काकांना कधीच इन्व्हाइट केलंय!"

घरी जाऊन बघते तर खरंच, शर्ट इस्त्रीला गेला होता. मी सांगून बघितलं, बाबा, गर्दी असते, उभं राहावं लागतं, कंटाळाल. ते म्हणाले, "माझो आवाज आसा थंय, आणि मी नको?"

प्रदर्शनाबद्दल काय सांगू. गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं, कागदी कपांत कडू कॉफी, आणि जो तो एकमेकांना ‘ऑसम’ म्हणतोय. आमच्या टेबलाशी रांग होती. एक दाढीवाला खेळत होता. टकटक. "झालां काय गो?" त्यानं पटकन इग्नोर दाबलं. बाबा त्याच्या खांद्यामागे उभे राहून बघत होते, आपला आवाज ऐकून आधी हसले. पुन्हा टकटक, पुन्हा इग्नोर. बाबांनी मला विचारलं, "तो दार कित्याक उघडना नाय?"

मी काही बोलायच्या आत रांगेतली एक मुलगी मोठ्या प्रेमानं त्यांना समजवायला लागली. "काका, ते वडील सारखं विचारतायत ना, गेम संपला का, गेम संपला का. त्या मुलीवर प्रेशर येतं मग. काम थांबतं तिचं."

"मी?" बाबा म्हणाले. "मी जेवाण इचारतंय गो."

ती हसली. तिला वाटलं काका विनोद करतायत. मित्रानं तेवढ्यात जाहीर केलं की हेच ते आवाजवाले बाबा, आणि मग काय! ओरिजिनल बाबा, ओरिजिनल बाबा करत सगळे गोळा झाले. फोटो काढले. त्या दाढीवाल्याचा गेम संपला होता, शेवटचा कप बघून त्याचे डोळे भरले होते, आणि तसल्याच डोळ्यांनी त्यानं बाबांच्या गळ्यात हात टाकून सेल्फी घेतला. आत्ता, याच हातानं यानं त्यांना सतरा वेळा हाकलून लावलं होतं!

मग बाबा खेळायला बसले. टकटक झाली, त्यांनी दार उघडलं. फोकस खाली. पुन्हा टकटक, पुन्हा उघडलं. कोणीतरी मागून म्हणालं, काका, इग्नोर दाबा, इग्नोर! बाबा म्हणाले, "उघडूक नको? दारात उभो हा ना तो." आणि पुन्हा उघडलं. रांगेतले लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी पडद्यावर आलं, की वेळ संपली, गेम अपूर्ण राहिला, टीम फुटली. बाबांनी ते मला वाचायला लावलं, मराठीत सांगायला लावलं. मग उठले, मागच्याला म्हणाले, "बसा तुम्ही," आणि बाजूला झाले.

मग आम्ही रिक्षानं निघालो. कांदिवली गेल्यावर बाबा म्हणाले, "दार बरां काढलंस. अगदी आपलां."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत काम करत होते. टकटक झाली नाही. बऱ्याच वेळानं मीच पाणी प्यायला उठले आणि दार उघडलं, तर उंबऱ्याशी स्टुलावर कप होता. चहावर साय धरली होती. हॉलमध्ये बाबा पेपर वाचत होते. म्हटलं, विसरले असतील हाक मारायला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही स्टुलावर कप. मग ताटसुद्धा, वर झाकण ठेवून. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून चपला काढून अनवाणी यायचे, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, हे काय चाललंय? हाक का मारत नाही?"

"तुझां काम थांबता."

"कोण म्हणतं असं?"

"गेमात होता ना. पट्टी खाली जाता."

"अहो, तो गेम आहे! त्या मूर्खाच्या डोक्यातलं आहे ते सगळं. त्याला तुम्ही काय विचारता तेसुद्धा कळलं नव्हतं!"

बाबांनी पेपराची घडी घातली. रागावले नव्हते, तोच तर त्रास होता. म्हणाले, "त्येका आपल्या घरातला खयसून कळतला? तूच सांगलं असशीत."

मी शपथ घेतली. ओरडले, रडले, आईची आण घेतली. असं मी कधीच, कोणालाही, एका शब्दानं बोलले नव्हते. बाबा म्हणाले, "बरां, बरां. रडा नको." समजूत घालायला म्हणतात ना, तसं. त्यांना ते पटलेलं नव्हतं. चित्रं माझी होती, दार आमचं होतं, कडी आमची होती. त्या दारात इतकं सगळं खरं होतं की आतलं तेवढं खोटं कसं असेल, असं त्यांना वाटलं असणार. माझ्याच हातानं काढलेलं ते दार मला अजून बघवत नाही.

मित्राला मी फोनवर सांगितलं की माझ्या बापाचा आवाज निघाला नाही तर एकही चित्र वापरायचं नाही, बघ मग काय करतोस. तो हळहळला. गेमचा आत्मा जाईल म्हणाला. पण काढला. आणि आत्म्याच्या जागी काय घातलं, तर आई! नाटकात काम करणारी एक बाई आणून तिच्याकडून शुद्ध मराठीत बोलून घेतलं, "बाळा, झालं का गं?" मला ऐकवलं आणि म्हणाला, खरं तर हे जास्त चांगलं झालंय, क्लिअर येतंय. म्हणजे बाप काय, आई काय, याला दाराबाहेर कोणीतरी ताटकळत उभं असलं की झालं.

गेम बाजारात आला आणि गाजला. लोक लिहितात की खेळून रडलो, रडून आईला फोन केला. केला असेल. त्या माउलीनं फोनवर काय विचारलं असणार, हेही मला माहीत आहे. आणि यांनी हूं म्हणून फोन ठेवून पुन्हा इग्नोर दाबायला घेतलं असणार. माझं नाव त्या गेमवर आहे, ते काढता येत नाही. मित्राशी मी बोलत नाही. तो आता पुढचा गेम करतोय, गाजलेल्या गेमनंतर काही सुचत नाही अशा माणसावरचा. कप्पाळ!

आतल्या खोलीत बसणं मी सोडलं. टेबल हॉलमध्ये आणलं, बाबांच्या खुर्चीच्या बाजूला. दाराचा प्रश्नच नको. तर पहिल्याच दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. बातम्या देणारी बाई नुसती तोंड हलवतेय आणि बाबा तिच्याकडे बघतायत.

"आवाज वाढवा ना, बाबा."

"नको. तुझां चललां."

काल दुपारीही तसंच. ते आधीच जेवून घेतात हल्ली, माझं ताट ओट्यावर झाकून ठेवतात. मी बराच वेळ मुद्दाम उठले नाही. कामात नव्हते, नुसती स्क्रीनकडे बघत बसले होते. ओट्यावरचं ताट त्यांना खुर्चीतून दिसत होतं. ऊन खिडकीतून निघून समोरच्या बिल्डिंगवर गेलं. शेवटी मला राहवेना.

"बाबा, विचारा ना काहीतरी मला."

ते दचकले. रिमोट या हातातून त्या हातात केला. जरा सावरून बसले आणि शेजाऱ्यांच्या मुलीला विचारावं तसं, अदबीनं म्हणाले, "मगे, तुझो गेम कसो चललो हा?"

"बरा चाललाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागले. मी जेवले नव्हते, आणि त्यांना ते माहीत होतं.